जाणण्यासाठी मारावे काय?

ज्या शास्त्राच्या नावातच 'जीव' हा शब्द आहे, त्याची ओळख आपल्या देशातील विद्यार्थ्यांना अनेक दशके एका मरणाने करून दिली जात होती. जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींपुढे सुरुवातीलाच मेण ओतलेला एक पसरट ट्रे ठेवला जाई. त्यात क्लोरोफॉर्मने निश्चेष्ट केलेला बेडूक उताणा असे. चार टाचण्यांनी त्याचे चार पाय मेणात खिळवायचे आणि कात्री हाती घ्यायची. आज तो ट्रे गेला आहे. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न सुटला, की ट्रेबरोबर तोही उचलून नेला गेला? काही जाणून घेण्यासाठी एखादा जीव घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटीवर, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या फ्रीगंजातील मराठी घरांना हा विषय परका नाही. शिंद्यांच्या अमदानीत माळव्यात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी पुढे शिक्षणावरच भिस्त ठेवली. माधव महाविद्यालय, माधव विज्ञान महाविद्यालय आणि १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने सुरू झालेले आपले विद्यापीठ यांच्या आधारे आपल्या कितीतरी घरांतून शिक्षक, डॉक्टर, औषधविक्रेते निघाले. मुलगा किंवा मुलगी 'मॅथ्सची' की 'बायोची', हा प्रश्न अकरावीच्या उंबरठ्यावर घराघरांत विचारला जाई, आणि 'बायो' या उत्तरामागे बहुधा पी.एम.टी.चे स्वप्न असे. त्या स्वप्नाच्या वाटेवर बेडूक आडवा पडलेला होता.

प्रारंभ मात्र झुरळापासून होई. ते घरच्याच मोरीत सापडे आणि त्याच्याविषयी कोणालाच हळहळ वाटत नसे. मग गांडूळ येई. पदवीच्या वर्गात गोगलगाय, झिंगा, लहान शार्क असे समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले प्राणी फॉर्मलीनच्या उग्र वासासह येत. बेडूक मात्र जिवंत येई. पावसाळ्यात शेतातून, नाल्याकाठून पकडून आणलेला तो प्राणी मोठ्या भांड्यात आपल्या सोबत्यांबरोबर धडपडताना दिसे. येथेच विद्यार्थ्यांचे वेगवेगळे स्वभाव प्रकट होत. कोणी मोठ्याने विनोद करी. हा विनोद बहुधा भीतीचेच दुसरे रूप असे. कोणी चक्कर येऊन बाकावर बसे. कोणी मित्राने केलेले विच्छेदन पाहून वहीत आकृती काढी आणि वेळ निभावून नेई. कोणी खरोखरच तल्लीन होऊन जाई. घरी परतल्यावर पांढरा कोट बाहेरच ठेवावा लागे आणि स्नानाशिवाय स्वयंपाकघरात प्रवेश नसे. आजीच्या सोवळ्यात शिवाशिवीचा विचार होता, पण त्या घरात बेडकाचा विषय निघत असेल, तर तो त्या निमित्तानेच.

दुसरी बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती दुर्बळ नाही. पुस्तकातील बेडकाचे हृदय हे तीन कप्पे दाखवणारी एक रंगीत आकृती असते. उघडलेल्या छातीतील हृदय प्राणी निश्चेष्ट झाल्यावरही बराच वेळ ठेक्यात धडधडत राहते. हे दृश्य पाहणारा विद्यार्थी 'जीव' म्हणजे नेमके काय, तो शरीरात कोठे असतो आणि कधी जातो, या विचाराने क्षणभर तरी स्तब्ध होई. प्रत्येक शरीर थोडे वेगळे असते आणि आकृतीइतके नीटनेटके कोणतेच नसते, हा धडाही हातालाच मिळतो. विज्ञानाचा इतिहास तर बेडकाच्या ऋणात आकंठ बुडालेला आहे. इटलीतील माल्पिघी याने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि रक्त धमन्यांतून नीलांत कसे पोहोचते, हे हार्वेला न उलगडलेले कोडे सुटले. त्याच देशातील गॅल्वानीने बेडकाच्या पायाच्या आकुंचनावरून १७९१ साली प्राण्यांतील विजेविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्यावरून उठलेल्या वादातून व्होल्टाची विद्युत्‌घटमाला जन्मली.

आपल्या मुंबईचे सलीम अली यांचे उदाहरण याहून बोलके आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि त्या एका प्रश्नातून भारतीय पक्षिशास्त्राचे आणि पक्षिसंरक्षणाचेही एक युग उभे राहिले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले. मारलेल्या एका पाखराने इतकी पाखरे वाचवली असतील, तर त्या छऱ्याला पाप म्हणावे की पुण्य?

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. माल्पिघीपुढचा बेडूक आणि विद्यार्थ्यापुढचा बेडूक यांत मोठे अंतर आहे. माल्पिघी जे पाहत होता ते तोवर कोणीही पाहिलेले नव्हते. विद्यार्थी जे पाहत होता ते लाखो वेळा पाहून, छापून, विकून झालेले होते. सलीम अलींच्या चिमणीमागे निदान त्या मुलाचा स्वतःचा प्रश्न उभा राहिला. आपल्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला मात्र प्रश्न पडलेलाच नसे, उत्तर आधीच वहीत काढून तयार असे. मग तो बेडूक कशासाठी मरत होता? ज्ञानासाठी, असे म्हणणे सोयीचे आहे. पण बहुतेक वेळा तो प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी मरत होता. त्या वर्गातील बहुसंख्य मुले पुढे प्राणिशास्त्रज्ञ होणार नव्हती. कोणी बँकेत, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी शाळेत जाणार होते. त्यांच्या हाताला ते कौशल्य पुन्हा कधी लागणार नव्हते.

हा विचार काही आज सुचलेला नाही. इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली प्राण्यांवरील प्रयोगांविषयी एक ग्रंथ लिहून तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, अपरिहार्य असेल तेथे प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी, आणि जे करावे लागेल ते कमीत कमी वेदना देऊन करावे. पुढच्याच वर्षी, १९६० साली, आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या सतराव्या कलमात विद्यालये-महाविद्यालये यांचा उल्लेख करूनच म्हटले आहे की, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांसारख्या साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, आणि केवळ हाताला सवय व्हावी म्हणून ते शक्यतो केले जाऊ नयेत.

असे असूनही विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २०११ साली, आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते संपूर्ण बंद करण्यास सांगितले ते २०१४ साली. १९६० ते २०१४ म्हणजे चोपन्न वर्षे. कायद्याच्या पुस्तकात करुणा होती, ग्रंथालयाच्या कपाटात पर्याय होता, आणि ट्रेमध्ये बेडूकही होताच. या चोपन्न वर्षांत शिकवणारे प्राध्यापक निर्दय नव्हते. त्यांतील अनेकांना आपण ओळखतो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी ती माणसे होती. विद्यार्थीही क्रूर नव्हते. मग हे चालले कशाच्या बळावर?

आमच्या मते 'अभ्यासक्रमात आहे' या दोन शब्दांच्या बळावर. ज्याला गरज आहे काय, असे विचारायला हवे होते, त्याने ते 'परीक्षेला येते' या उत्तरापाशी थांबवले. विद्यार्थ्याने प्राध्यापकांकडे पाहिले, प्राध्यापकांनी विद्यापीठाकडे, विद्यापीठाने परंपरेकडे. आणि परंपरेला तर तोंडच नसते. अशा रीतीने कोणाचीच इच्छा नसलेली हिंसा सर्वांच्या हातून घडू शकते. नीतिविचारात आपण क्रोध, लोभ, द्वेष यांची चर्चा पुष्कळ करतो. निमूट वहिवाट ही त्यांच्याहून अधिक जीव घेते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

येथे देहदानाचे स्मरण होते. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मानवी शरीराचे विच्छेदन करतो, आणि त्यास आपण नाव ठेवत नाही. गांधीजींनी तरुणपणी डॉक्टर होण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा, आपण वैष्णव, मृतदेहाची चिरफाड आपले काम नव्हे, असे त्यांच्या भावाने सांगितल्याचे त्यांच्या आत्मकथेत आहे. आज त्याच चिरफाडीसाठी वैष्णव घरांतली माणसेही स्वखुशीने देह देतात, आणि मृत्युपत्राबरोबर तसा अर्ज भरून ठेवणारे ज्येष्ठ आपल्या परिचयातही असतात. हा बदल कशाने झाला? 'दान' या शब्दाने. दधीचीने अस्थी दिल्या त्या मागितल्यावर आणि स्वतः होकार देऊन. बेडकाला कोणी विचारले नव्हते, आणि विचारता येणारही नव्हते. ज्याला नकार देताच येत नाही त्याच्यापुढे आपली जबाबदारी वाढते, कमी होत नाही. अपरिहार्य गरज ही अट म्हणूनच कडक हवी: जे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही, ज्यातून जीव वाचण्याची खरी आशा आहे, तेथेच तो विचार करावा, आणि तोही जड अंतःकरणाने.

कोणी म्हणेल, झुरळाचे काय? डासाचे काय? उज्जयिनीत जैन शेजाऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्याला एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची जीवांची श्रेणी ऐकून ठाऊक आहे. त्या श्रेणीतही सूक्ष्मातिसूक्ष्म जीवाची हिंसा ही हिंसाच मानली आहे. पण गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही, हेही ओळखले आहे. रेषा नेमकी कोठे ओढावी याविषयी मतभेद राहतील. परंतु रेषा ओढणे कठीण आहे, यावरून ती ओढूच नये असे ठरत नाही.

तेव्हा २०१४ चा निर्णय योग्यच होता, यात आम्हांला शंका नाही. शंका आहे ती त्यानंतरच्या निश्चिंततेविषयी. आजचा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर बेडूक उघडतो, बोटाच्या एका स्पर्शाने त्वचा दूर करतो, दुसऱ्या स्पर्शाने ती परत लावतो. कोणी मेले नाही, हे उत्तम. परंतु हात थरथरलाही नाही. पूर्वी त्या थरथरीला आपण दुर्बलता म्हणत होतो आणि ती झटकून टाकायला शिकवत होतो. वास्तविक त्या प्रयोगशाळेत मिळणारा तोच पहिला आणि सर्वांत मोलाचा धडा होता. ट्रे जसा अभ्यासक्रमात आहे म्हणून आला तसाच तो परिपत्रक आले म्हणून गेला. दोन्ही वेळा विद्यार्थ्याला कोणी काही विचारले नाही. प्रथा बदलली, पण न विचारण्याची सवय जेथल्या तेथे राहिली.

या सवयीचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. प्रयोगशाळेतला बेडूक वाचला, पण तो राहील कोठे? आपल्या नगरीच्या पुराणप्रसिद्ध सप्तसागरांपैकी काहींवर अतिक्रमण आणि घाण यांनी काय अवस्था आणली, हे येथल्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. एक ट्रे एक बेडूक मारतो. बुजवलेले तळे त्याच्या पुढच्या सर्व पिढ्या मारते, आणि त्यासाठी कोणाला कात्री हाती घ्यावी लागत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक संपूर्ण सूक्त आहे. पहिल्या पावसाने जागे होऊन बोलू लागलेल्या बेडकांना तेथे चक्क मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. महाराष्ट्रातील आपल्या मूळ गावी पाऊस मागताना धोंडीबरोबर बेडूक दारोदार फिरे. हा प्राणी आपल्या स्मृतीत पावसाचा सोबती म्हणून होता. प्रयोगशाळेने त्याला ट्रेमधला नमुना केला, आणि आता तो पडद्यावरचे चित्र झाला आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा प्रारंभ आषाढात क्षिप्रेकाठी किंवा एखाद्या शिल्लक राहिलेल्या तळ्याच्या काठी व्हावा. विद्यार्थ्याने वही घेऊन बसावे, बेडकाची अंडी पाहावीत, कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या शेपटीवाल्या पिलाला पाय कसे फुटतात, शेपूट कशी विरून जाते, हे आठवड्यांमागून आठवडे टिपावे. धडधडते हृदय दाखवण्याचे सामर्थ्य या अभ्यासात नाही, हे मान्य. पण ज्याने एखादा जीव इतके दिवस वाढताना पाहिला, तो पुढे डॉक्टर होऊन रुग्णावर शस्त्र धरील किंवा संशोधक होऊन खरोखरच अपरिहार्य असा प्रयोग करील, तेव्हा 'याची गरज आहे काय?' हा प्रश्न त्याला बाहेरून शिकवावा लागणार नाही.

हा प्रश्न विचारण्याचे काम कायद्यावर किंवा परिपत्रकावर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही, कारण चोपन्न वर्षे कायदा होता आणि बेडूकही मरत होता. तो प्रत्येक पिढीला, प्रत्येक घरात, नव्याने विचारावा लागतो. आपली मुले 'बायो' घेतील तेव्हा त्यांना किती गुण मिळाले हे आपण विचारूच. त्यांना कोणता प्रश्न पडला, हेही विचारू या.