शेजार कुणाचा?

आपल्या पालघर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. (जिल्हा झाला २०१४ साली, तोवर आपण सारे ठाण्याचे.) समुद्राकाठी तारापूर. अणुशक्तीची वीज भारतात पहिल्यांदा तयार झाली ती तिथे, १९६९ साली. पूर्वेला डोंगरात जव्हार. तिथल्या वावर-वांगणीत १९९२ साली आदिवासींची लेकरे उपासमारीने व आजाराने दगावली. मध्ये तेवीस वर्षे गेली होती.

शेजारी मागे राहिला तर दोष कुणाचा? ‘त्या लोकांना सुधारायचेच नसते,’ हे उत्तर आपल्याकडे सहज ऐकू येते. ते सोयीचे आहे, कारण त्यानंतर आपल्याला काही करावे लागत नाही. पण ते खरे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत व पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवायची. अंगणवाडी ती हीच. १९७५ पासून सरकारी योजनेतून हे नाव देशभर गेले. म्हणजे नवी कल्पना सुचायला शहरच लागते असे नाही. मग ती त्याच जिल्ह्याच्या डोंगरात वेळेवर का पोचली नाही?

वीज तारेवरून दूर जाते, कारण पलीकडे पैसे मोजणारा असतो. मोखाड्याच्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अंगणवाडीला मात्र ना तार, ना नळ. तिथे माणसाला रोज जाऊन बसावे लागते.

‘आम्ही कुणाचे काय हिरावले?’ हा प्रश्नही रास्त आहे. तारापूरची अणुभट्टी जव्हारच्या ताटातले काढून उभी राहिली असे मी म्हणणार नाही. पाण्याचे तसे नाही. सूर्या प्रकल्प मुळात आदिवासी भागातल्या शेतीसाठी आखला गेला. आज त्यातला वाटा आपल्या वसई-विरारच्या नळांना येतो. तो आपण पितो.

आपल्या धर्मग्रामातून दरवर्षी मुले-मुली शिकून नर्स होतात, शिक्षक होतात, इंजिनिअर होतात. त्यांच्यातल्या एकीने जव्हारची नोकरी धरायचे म्हटले, तर घरात पहिले वाक्य काय निघते? ‘तिकडे कशाला, बाय?’ असेच ना?