तपासणीची तारीख

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आम्ही आत्मपरीक्षणाचा दिवस ठरवतो, आणि बहुधा तो आमच्या सोयीचा असतो. या सवयीचा नैतिक अर्थ आम्हांला एका अणुवीज केंद्राच्या हकिकतीतून उमगला.

अणुभट्टी चालू असताना तिच्या कित्येक भागांपर्यंत पोहोचता येत नाही. भट्टी बंद ठेवली तर वीज थांबते, उत्पन्नही थांबते. म्हणून इंधन बदलण्याच्या दिवसांतच या तपासण्या उरकण्याचा प्रघात आहे. त्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो धोक्याची सूचना दोन बंदांच्या मध्येच आली तर.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रापुढे २००१ साली तो उभा राहिला. इतरत्र भट्टीच्या झाकणातील नळ्यांना तडे आढळल्यामुळे नियामक आयोगाला ३१ डिसेंबरपूर्वी तपासणी हवी होती. चालकांनी मार्चअखेरच्या नियोजित बंदाचा आग्रह धरला. तडजोडीने १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. राखेच्या बुधवारानंतरचा तो शनिवार. मार्चमध्ये दिसले ते असे: झिरपलेल्या बोरिक आम्लाने झाकणाचे सहा इंच जाडीचे पोलाद खाऊन टाकले होते. वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब अर्ध्या इंचाहून पातळ अस्तराने तोलून धरला होता. ते अस्तर त्या कामासाठी घडवलेलेच नव्हते.

अपघात झाला नाही. मग दोष कोणता? आयोगाच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २००२ मध्ये नमूद केले की, मुदतवाढीमागे कंपनीचे आर्थिक नुकसान कमी करण्याची इच्छा मोठ्या प्रमाणात होती. लांबणीचा लाभ एकाला आणि धोका एरी सरोवराकाठच्या शेजाऱ्यांना. त्यांना मात्र कोणी विचारले नाही. शेजारप्रीतीच्या आज्ञेचा भंग आम्हांला येथेच दिसतो. आपला धोका आपण पत्करणे हे धाडस असेल. दुसऱ्याचा धोका त्याच्या नकळत पत्करणे हा अन्याय होय.

आणखी एक गोष्ट बोचते. झाकणावरचे तांबूस ओघळ २००० सालच्या बंदातही दिसले होते. ते पाहणारे दुष्ट नव्हते; काम वेळेत संपवणारे होते.

आमच्या कुटुंबांत, संस्थांत, धर्मग्रामांतही असे ओघळ दिसतात. 'पुढच्या बैठकीत पाहू,' असे आम्ही म्हणतो. तेव्हा एवढेच विचारावे: या विलंबाची किंमत कोण मोजणार आहे? उत्तर 'आम्ही नव्हे' असे आले, तर तारीख ठरवण्याचा अधिकार आमच्या एकट्याचा राहत नाही.