बेकारभत्ता आणि त्यावरचा कर

न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत कुणाची नोकरी गेली की बरेच दिवस त्याविषयी चकार शब्द निघत नाही. मग फोन येतो. मी पहिलं विचारते, "बेकारभत्त्याचा अर्ज केलास का?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "नको ताई, सरकारपुढे हात कशाला पसरायचा?"

माझी नोकरी गेली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला, कारण जुनी पगारपत्रकं समोर होती. बेकारभत्ता हा विमाच असतो; अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्याचा हप्ता एकटा मालक भरतो. न्यू जर्सीत मात्र नोकरदाराच्या पगारातूनही तो कापला जातो. ज्याचा हप्ता आपण वर्षानुवर्षं भरला, ते मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. महाराष्ट्रात १९७५ साली व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराच्या कपातीतून दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्याची मजुरी निघत होती, आणि मागितल्यावर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता, असं रोजगार हमीच्या कायद्यातच होतं.

एच-१बी व्हिसावरच्या मुलांचं दुःख वेगळं आहे. हप्ता त्यांच्याही पगारातून जातो, पण कुठेही लगेच कामावर रुजू होण्याची मोकळीक नसल्यामुळे भत्ता त्यांना सहसा मिळत नाही, आणि नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवसांची मुदत डोक्यावर असते. मला हा अन्याय वाटतो.

अर्ज लांबवू नये, कारण दावा साधारणपणे अर्ज केलेल्या आठवड्यापासूनच धरला जातो. पुढे दर आठवड्याला उत्तरं द्यायची: काम करण्याजोगी तब्येत आहे का, काम मिळालं तर घ्याल का, काम शोधलंत का, काही कमावलंत का. प्रश्न साधे असतात. पण अनेक वर्षं पगार आपोआप खात्यात जमा झालेल्या माणसाला दर आठवड्याला आपण बेकार असल्याचं लिहून देणं जड जातं. मी ते सकाळी, इतर कामांच्या आधी उरकत असे. थोडं काम करून मिळालेले पैसेही तिथे सांगावेच लागतात; लपवले तर भत्ता दंडासह परत द्यावा लागतो.

कराचा विषय इथेच, अर्ज भरतानाच काढावा. १९७८ पर्यंत हा भत्ता करमुक्त होता. त्या वर्षीच्या कायद्याने त्याच्या काही भागावर कर आला आणि १९८६ च्या कायद्याने संपूर्ण रकमेवर. न्यू जर्सी राज्य त्यावर कर घेत नाही, केंद्र घेतं. सारख्या उत्पन्नाला सारखा कर, हे तत्त्व मला पटतं. पण पगारातून कर आपोआप कापला जातो, भत्त्यातून मात्र आपण सांगितलं तरच, आणि तोही सरसकट दहा टक्के. घर चालवण्याच्या ओढाताणीत ते दहा टक्के सोडवत नाहीत. तरी सोडावेत, असं मी आग्रहाने सांगते. जोडीदाराचा पगार चांगला असेल तर तेही पुरत नाहीत. जोडप्याचं उत्पन्न बावीस टक्क्यांच्या टप्प्यात पोचलं असेल, तर भत्त्यातल्या दर शंभर डॉलरमागे आणखी बारा बाजूला ठेवावे लागतात, किंवा जोडीदाराच्या पगारातली कपात वाढवून घ्यावी लागते. कोविडच्या काळात, २०२० सालासाठी, दीड लाखाहून कमी उत्पन्न असलेल्यांना माणशी १०,२०० डॉलरपर्यंतचा भत्ता करमुक्त केला होता. ती सवलत त्या एका वर्षापुरतीच होती. अजूनही काही जण तिच्या भरवशावर राहतात.

जानेवारीअखेरपर्यंत १०९९-जी हा फॉर्म तयार होतो. काही राज्यांत तो पोस्टाने येत नाही, संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावा लागतो. त्यावरची रक्कम आपल्या बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावी. भत्ता न घेताच असा फॉर्म हाती आला, तर कुणीतरी आपल्या नावावर दावा केला असण्याची शक्यता असते. राज्याच्या कामगार विभागाला लगेच कळवावं आणि दुरुस्त फॉर्म मागावा.