हक्काचे माप

पातूर (जि. अकोला) नगरपरिषदेच्या नामफलकावर मराठीखाली उर्दूतही नाव असावे की नाही, हा प्रश्न वरकरणी लहानसा होता. ही नगरपरिषद १९५६ पासून उर्दूचा वापर करीत आली होती. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. नगरपरिषदेने ती २०२० मध्ये फेटाळली, जिल्हाधिकाऱ्यांनी मात्र मान्य केली. पुढे अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. आपला यवतमाळ जिल्हाही याच महसूल विभागात येतो. उच्च न्यायालयानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने अपील फेटाळले. फलकावरील उर्दू कायम राहिली.

न्यायालयाने सांगितले की, भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती एखाद्या धर्माची नसून समाजाची, प्रदेशाची, लोकांची असते. उर्दू याच भूमीत जन्मली आहे. २०२२ च्या राज्य कायद्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारासाठी मराठी ठरवून दिली असली, तरी तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास मनाई केलेली नाही.

या निकालाने आपल्याला समाधान वाटले, ते स्वाभाविक आहे. परंतु सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी अल्लाहने अशा लोकांना विनाशाचा इशारा दिला आहे, जे स्वतः घेताना माप पुरेपूर घेतात आणि इतरांना देताना घट करतात. हा नियम केवळ ज्वारी-कापसाच्या तराजूपुरता आहे काय? हक्कालाही माप असते, आणि तेही घेताना व देताना एकच असावे लागते.

म्हणून हे माप प्रथम स्वतःला लावून पाहावे. उर्दू केवळ मुसलमानांची नाही, हे आपल्याला पटत असेल, तर मराठी केवळ इतरांची कशी? ‘मराठी त्यांची भाषा’ असे आपल्या घरात म्हटले जाते, तेव्हा नकळत आपण हरकत घेणाऱ्यांचीच बाजू मांडत असतो. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला, असे कुरआन सांगतो (१४:४). शेजाऱ्याला दीन समजावा अशी इच्छा असेल, तर त्याची भाषा परकी मानून चालणार नाही.

दुसरे माप शेजाऱ्यांचे. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोली बोलणारी कुटुंबे आहेत. उर्दूला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान आहे. या भाषांना तेही नाही. तरीही अनुच्छेद २९ नुसार आपली भाषा जतन करण्याचा हक्क त्यांनाही आहे. पोडावरून बाजाराला आलेल्या कोलाम बांधवाच्या बोलीला आपल्या दुकानात कोणी हसले, तर आपण त्याला थांबवतो काय? एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करू नये, ही आज्ञा (४९:११) आपण वारंवार ऐकतो.

‘आपणच अल्पसंख्य, मग इतरांचा भार कशाला?’ असे कोणी विचारेल. परंतु न्याय ही बलवानाने सवडीने करण्याची गोष्ट नव्हे. ज्याच्या हाती तराजू, त्याच्यावर जबाबदारी. आणि लहानसा का होईना, प्रत्येकाच्या हाती तराजू असतोच.

भाषांची आणि वर्णांची विविधता ही अल्लाहची निशाणी आहे (३०:२२). त्या निशाणीतील एकच अक्षर आपले मानून बाकीची पुसली जात असताना स्वस्थ बसणे श्रद्धावंताला शोभत नाही. न्यायालयाने आपले माप भरून दिले आहे. आता देण्याची पाळी आपली आहे.