नवरा कुठं होता?

वाड्याच्या मालिकेतली गोष्ट ठरलेली असते. नवरा मोहिमेवर, नाहीतर दरबारात, नाहीतर कुठल्याशा कोठीवर. बायको दिवेलागणीला दारात. मग एखादा पाहुणा येतो, शास्त्री म्हणा, चित्रकार म्हणा, आणि तिनं काढलेल्या रांगोळीपाशी घटकाभर थांबतो. झालं! एवढ्या वर्षांत तिच्याकडे धड कुणी बघितलेलंच नसतं. आमच्या बोदवडला दुपारी शेंगा फोडत टीव्हीसमोर बसलेल्या बायकांत पुढचा भाग लागायच्या आधीच निकाल लागतो, की हिनं पाय घसरू द्यायला नको होता. पाय अजून घसरलेला नसतो, ती फक्त हसलेली असते. एखादीच म्हातारी सूप पाखडता पाखडता विचारते, ‘अन् तिचा नवरा कुठं होता इतके दिवस?’

बाकीच्या गोतावळ्याचा निकाल जुना आणि सोपा आहे. म्हातारीचा प्रश्न मराठीत यायला मात्र फार काळ लागला.

गंमत अशी, की सुरुवात मोकळी होती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत परगावी गेलेल्या नवऱ्यांच्या बायका पानोपानी भेटतात. वाटसरू मुक्कामाला येतो, शेजारी डोळा लावून असतो, सासूची नजर चुकवायच्या युक्त्या निघतात. तिथं पापही नाही आणि शिक्षाही नाही. मिस्किलपणा भरपूर. पण त्या मोकळेपणावर फार भाळू नये. कवीला गोडी आहे ती चोरट्या भेटीची. नवरा का गेला, परत आल्यावर तरी तिची विचारपूस करतो का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पेशवाईतल्या लावणीचंही बरंचसं तसंच. स्वारीवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बाई शाहिरानं उभी केली, तिच्या तोंडी अंगाची भूक धीटपणे घातली, पण लिहिणारा पुरुष आणि फेटा उडवणाराही पुरुष. तिची उपेक्षा त्यांच्या करमणुकीचा मसाला होती.

छापखाना आला आणि ही बाई परीक्षेला बसली. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या-नाटकांत तिला मोहात टाकायचं, ती टिकली तर सती, ढळली तर कुलटा. परीक्षक लेखक. नवऱ्याची कधी परीक्षा नाही.

हा डाव उधळला तो बुलढाण्यात. बोदवडहून मलकापूर, पुढे मोताळा, मग राजूरचा घाट चढला की बुलढाणा. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तिथं राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. निमित्त सुरतेतल्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं. आपल्या नवजात मुलाला मारल्याच्या आरोपावरून ती दोषी ठरली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी खटल्याची चर्चा थोडकी केली आणि मोर्चा वळवला पुरुषांकडे. बाईला गोड बोलून वाटेवरून उतरवतो कोण? नंतर अंग काढून घेतो कोण? बाईनं नवऱ्याला देव मानायचं, तर त्यानं देवासारखं वागायला नको का? तुम्हाला देखणी, मनाजोगी बायको हवी असते, मग तिला मनाजोगता नवरा हवासा वाटला तर आकाश का कोसळतं? ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ अशा त्या काळच्या गाजलेल्या कादंबरी-नाटकांतल्या बायका खोट्या आहेत, हेही त्यांनी सुनावलं. म्हणजे स्त्रीवादी लेखिका आणि नाट्यसमीक्षक दोन्ही एकाच पुस्तकात! जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

इथं एक आडवळण घ्यायला हवं, कारण मालिकावाले ते कधीच घेत नाहीत. ही मोहात सापडणारी नायिका नेहमी वाड्यातलीच का? खानदेशातल्या कष्टकरी जातींत नवरा नांदवत नसेल तर काडीमोड होती, पाट म्हणजे दुसरं लग्न होतं. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे, पंचांना दंड भरावा लागे, सगळं खरं. पण तिला वाट होती. वाड्यातल्या बाईला दार नव्हतं, म्हणून तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या माणसाचं एवढं नाटक झालं. आणि सुधारलेल्या इंग्रजी कायद्यानं ती वाटही अरुंद केली. नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली नसेल तर नुसत्या जातीच्या परवानगीनं बाईला दुसरा घरोबा करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 1876 मध्ये ठरवलं.

रंगभूमीनं ताराबाईंचा प्रश्न बराच काळ टाळला. गडकऱ्यांच्या 1919 च्या ‘एकच प्याला’मधली सिंधू दुसरीकडे नजरसुद्धा वळवत नाही. ती भूमिका बालगंधर्वांची, म्हणजे पुरुषानं रंगवलेली आदर्श बायको बघून पुरुषांनी डोळे पुसले. गडकऱ्यांची प्रतिभा मोठीच, पण त्या नाटकात सिंधूच्या नवऱ्याचा, सुधाकरचा दोष प्याल्यात बुडून जातो. गुन्हेगार ठरते ती दारू.

गाडी रुळावरून हलली 1934 मध्ये, एकाच वर्षी दोन ठिकाणी. अत्र्यांच्या ‘घराबाहेर’मध्ये निर्मला घर सोडून निघाली. आणि विभावरी शिरूरकर या टोपणनावानं लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधल्या अचलेनं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं, विरागवर प्रेम केलं. मला या दोहोंत अचला मोठी वाटते. निर्मला अन्यायाला उत्तर देते, अचला स्वतःला काय हवं ते बोलते. तेव्हा तिच्यापुढे कायद्याची वाटही नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला 1947 मध्ये. युरोपात पाहा. फ्लॉबेरवर 1857 मध्ये ‘मादाम बोव्हारी’साठी खटला भरला गेला, तरी कादंबरीत त्यानं एमाला विष घ्यायला लावलंच. टॉलस्टॉयनं ॲनाला रेल्वेखाली ढकललं. मराठी लेखिकेनं अचलेला तशी शिक्षा दिली नाही, हे विसरायला नको.

पण प्रशंसा करणारा माणूस म्हणजे सुटका, हा भ्रम अजून बाकी होता. तो फोडला अभिनेत्री हंसा वाडकरांनी, ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात. त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये ‘भूमिका’ हा सिनेमा काढला आणि त्यातली नायिका उषा केली स्मिता पाटीलनं. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, त्यामुळे ती आम्हा खानदेशवाल्यांची. उषाचा नवरा केशव तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. मग येतात चाहते. सहकलाकार राजन, दिग्दर्शक सुनील, शेवटी श्रीमंत काळे. काळेच्या वाड्यात मान आहे, दागिने आहेत, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको आहे, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायची मनाई आहे. उषाला नुसतं जत्रेला जायचं असतं. तेवढंही जमत नाही. तिथून सुटायला तिला ज्या नवऱ्यापासून पळाली त्यालाच बोलवावं लागतं, आणि तो पोलीस घेऊन येतो. कुणाची म्हणून राहायचं, या प्रश्नाच्या जागी ‘भूमिका’त पहिल्यांदा दुसरा प्रश्न येतो, की कुणाचीच न होता राहता येईल का? स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालिकांनी मात्र त्या सिनेमातून साड्या आणि नथी तेवढ्या उचलल्या.

कायद्याची चाल याहून संथ. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 497 व्यभिचाराचं. गुन्हेगार परपुरुष, फिर्यादी नवरा, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. नवऱ्याच्या भानगडीबद्दल बायकोला त्याखाली फिर्याद करता येत नव्हती. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी 1985 मध्ये हे कलम वैध ठरवलं. त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड ज्या घटनापीठावर होते, त्यानं 27 सप्टेंबर 2018 रोजी ते रद्द केलं. शेजारचं कलम 498, दुसऱ्याच्या बायकोला फूस लावून नेण्याचं, तेव्हाही शाबूत राहिलं. आता इंग्रजांची संहिता गेली, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि त्यात ते कलम 84 म्हणून पुन्हा आलं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही. फूस लावणारा पुरुष आणि ज्याची बायको नेली तो पुरुष, दोघांचीही त्यात दखल आहे. ती स्वतःहून निघाली असेल, या शक्यतेला त्यात अजूनही जागा नाही.