कच्चं लिंबू आणि ५४चा हँडिकॅप

खेळात कमी पडणाऱ्या माणसाला सामावून घ्यायच्या दोन रीती मला ठाऊक आहेत. पहिली तुम्हालाही ठाऊक आहे. लपंडाव असो की डबा ऐसपैस, कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागतो, त्याची आई गॅलरीतून बजावते, "त्यालाही घ्या रे", आणि मोठी मुलं एकमेकांकडे बघून ठरवून टाकतात की हा कच्चं लिंबू. तो धावेल, लपेल, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडेल, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. दुसरी रीत मी तिशीत, जर्मनीत आल्यावर शिकले. ती गोल्फमधली. तिथे कमी पडणाऱ्याला आधीच काही फटके माफ असतात, आणि त्यानंतर त्याचा प्रत्येक फटका मोजला जातो.

या दोन रीतींवर मी सध्या गरजेपेक्षा जास्त विचार करते आहे. येत्या सप्टेंबरात आमच्या मंडळातले आठ जण पाच दिवस स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजला, गोल्फ खेळायला निघाले आहेत आणि आखणी माझ्या गळ्यात पडली आहे. पोस्टडॉक म्हणजे एक्सेल येणारी आणि भरपूर वेळ असणारी व्यक्ती, असा मंडळाचा समज आहे. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

मी पुण्यात वाढले. तिथे गोल्फ म्हणजे येरवड्याला जाताना रिक्षावाल्याला सांगायचा गोल्फ क्लब चौक, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. जर्मनीत बहुतेक क्लबांच्या मैदानावर पाय ठेवण्याआधी 'प्लाट्सराइफे' नावाची परीक्षा द्यावी लागते, थोडी लेखी आणि थोडी मैदानावरची. परीक्षा म्हटल्यावर मराठी माणसाला चेव येतोच. आमच्यातले निम्मे लोक खेळाच्या नव्हे, त्या परीक्षेच्या ओढीने गोल्फकडे वळले असावेत.

आता आमचे आठ जण बघा. एक दादा आहेत, त्यांचा हँडिकॅप ६. हा माणूस टीव्हीवर ओल्ड कोर्स दिसला की बोलणं थांबवतो. तिघे १८ ते २४च्या मध्ये. मी ३१. गेल्या वर्षीच परीक्षा पास झालेल्या वहिनींचा ५४. एक मित्र असा की ज्याने अजून एकदाही पुरे अठरा होल खेळलेले नाहीत. आणि एकाहत्तर वर्षांचे काका. काका एके काळी उत्तम खेळायचे, आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सातव्या-आठव्या होलपर्यंत ठीक असतात. या सगळ्यांना एकाच सहलीत न्यायचं. प्रश्न हॉटेलचा आणि व्हॅनचा नाहीच, ते दोन संध्याकाळींत उरकलं. प्रश्न हा आहे की असमान माणसांना समान आनंद वाटायचा म्हणजे नेमकं काय वाटायचं?

माझं रोजचं काम मोजमापाचं आहे, त्यामुळे हँडिकॅप या कल्पनेच्या मी थोडी प्रेमात आहे. २०२०पासून बहुतेक जगात एकच पद्धत चालते. तुमच्या शेवटच्या २० खेळ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. वीसच्या वीस खेळ्यांची नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे हा आकडा तुम्ही साधारण कसे खेळता ते सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता ते सांगतो. मैदान अवघड असेल तर दुबळ्या खेळाडूचं नुकसान जास्त होतं, हेही त्यात धरलेलं आहे. प्रत्येक मैदानाला एक 'स्लोप' आकडा असतो, ११३ हा प्रमाण धरून, आणि त्याप्रमाणे माफ फटके वाढतात किंवा कमी होतात. कमाल हँडिकॅप ५४, म्हणजे साधारण प्रत्येक होलला तीन फटके माफ. वहिनींनी सोप्या हिशोबाच्या मैदानावर १२५ फटके घेतले आणि दादांनी ७९, तर त्या दिवशी वहिनी जिंकल्या. कोणी त्यांना जिंकू दिलं नाही. त्या जिंकल्या.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वहिनी हरूसुद्धा शकतात. माझ्या मते सगळं मर्म इथे आहे. कच्च्या लिंबाला हरता येत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही ही वरकरणी सवलत आहे, पण लहानपणी लिंबू झालेल्या कोणालाही विचारा. मी तीन मावसभावांच्या पाठची, त्यामुळे या पदावर माझी चांगली चार वर्षं गेली. पकडले गेल्यावर "अगं, तू खेळ, तुझं काही नाही" हे ऐकणं पकडलं जाण्यापेक्षा वाईट असतं. हँडिकॅप उलट बोलतो. तो म्हणतो, तुझा चांगला दिवस कसा असतो हे आम्ही पाहिलं आहे, आता तसं खेळून दाखव.

म्हणूनच वहिनींच्या यजमानांची सूचना मला पटली नाही. ते म्हणाले, कोणाला वाईट वाटायला नको, पाचही दिवस टेक्सस स्क्रॅम्बल खेळू. यात चौघांचा संघ असतो, सगळे फटका मारतात, सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडतात आणि पुढचा फटका सगळे तिथूनच मारतात. खेळ झटपट होतो, हसणं-खिदळणंही पुष्कळ. पण वहिनींचा चेंडू निवडला जाणार किती वेळा? अठरा होलमध्ये दोनदा? बाकी वेळ त्या चेंडू उचलून दुसऱ्याच्या चेंडूपाशी चालत जाणार. मोठ्यांनी खेळलेला हा लपंडावच झाला. यावर एक तोड म्हणून पुष्कळ ठिकाणी अट घालतात की प्रत्येकाचे अमुक इतके पहिले फटके घ्यायलाच हवेत. मग उलटं संकट येतं. वहिनींचा फटका 'घ्यावा लागतो', आणि अख्खा संघ त्यांच्यामुळे झुडपातून खेळतो. मोजलं जाण्यालाही किंमत असते, हे इथे मला मान्य करावं लागतं. एक दिवस स्क्रॅम्बल ठेवला आहे, पहिलाच, प्रवासाचा शीण असतो म्हणून.

बाकी दिवस स्टेबलफोर्ड. ही पद्धत फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी काढली, आणि १९३२ साली इंग्लंडमध्ये वॉलसी क्लबवर तिची स्पर्धा झाली. प्रत्येक होलला गुण, हँडिकॅप धरून पार झालं तर दोन, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. फारच बिघडलं तर शून्य, चेंडू उचला आणि पुढच्या होलकडे चला. एका होलवरची फजिती त्या होलपुरतीच राहते. मागच्यांचा खोळंबाही होत नाही. शून्य मिळतं, पण ते तुमचं शून्य असतं, कागदावर लिहिलेलं.

इथपर्यंत माझं मत ठाम होतं. मग ओल्ड कोर्सचा प्रश्न आला.

सेंट अँड्र्यूजची मैदानं सार्वजनिक आहेत, एक ट्रस्ट ती चालवतो. एकूण सात मैदानं. ओल्ड कोर्सवर खेळायला ठरावीक मर्यादेतल्या हँडिकॅपचा दाखला लागतो. ज्यांनी आधीपासून वेळ राखून ठेवलेली नसते ते दोन दिवस आधी नावं देतात आणि सोडत निघते. हंगामात एका माणसाचे तीनशे पौंडांहून जास्त होतात. वहिनी, आमचा नवशिका मित्र आणि अठरा होल चालू न शकणारे काका यांना तिथे नेण्यात अर्थ नाही. मग दादांनी तरी जावं का? मंडळात यावर बरीच चर्चा झाली. "गेलो तर सगळे, नाहीतर कोणीच नाही" हा सूर मोठा होता, आणि तो ऐकायला फार छान वाटतो.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये बासऱ्यांचं उदाहरण घेतलं आहे. चांगल्या बासऱ्या कोणाला द्याव्यात? श्रीमंताला नव्हे, कुलीनाला नव्हे, देखण्यालाही नव्हे, तर चांगली वाजवणाऱ्याला. त्या हिशोबाने ओल्ड कोर्स दादांचा. गंमत म्हणजे खुद्द सेंट अँड्र्यूज ॲरिस्टॉटलचं अर्धंच ऐकतं. दाखल्याची एक पायरी ठेवली आहे, पण ती ओलांडली की पुढे चिठ्ठी. चिठ्ठीला ६ आणि २२ मधला फरक कळत नाही. मला ही व्यवस्था निव्वळ गुणवत्तेपेक्षा शहाणपणाची वाटते. पायरी मैदानाची आणि मागून येणाऱ्यांची काळजी घेते, आणि चिठ्ठी अगदी सामान्य खेळाडूलाही त्या जागेवर उभं राहण्याची आशा ठेवू देते.

"सगळे नाहीतर कोणीच नाही" यात मला एक लपलेली सक्ती दिसते. दादांनी न जाण्याने वहिनींना काहीच मिळत नाही. उलट पाच दिवस त्यांना जाणवत राहणार की कोणीतरी आपल्यासाठी मन मारलं आहे. हे ओझं हँडिकॅपपेक्षा जड. तेव्हा दादा आणि ते तिघे ओल्ड कोर्ससाठी नावं देणार, चिठ्ठी लागली तर जाणार, त्याचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. त्या दिवशी आम्ही चौघं बालगोव्हवर. ते नऊ होलचं छोटं मैदान आहे, शिकाऊ लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी. काकांचे गुडघेही तिथे पुरतील.

त्या गुडघ्यांवरून एक खटला आठवला. केसी मार्टिन या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूला पायाच्या आजारामुळे चालणं अवघड होतं. त्याने स्पर्धेत गाडी वापरू देण्याची मागणी केली, आणि २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. चालणं हा गोल्फचा गाभा नाही, असं बहुमत होतं. न्यायमूर्ती स्कॅलियांनी विरोधात लिहिताना विचारलं की खेळाचे नियम मुळातच मनमानी असतात, तर त्यात गाभा कोणता हे कोर्ट कसं ठरवणार? मुद्दा बिनतोड आहे. तरी मला वाटतं की तो फक्त बाहेरून बघणाऱ्यासाठी बिनतोड आहे. जे एकत्र खेळतात त्यांना आपण कशासाठी जमलो हे बहुधा माहीत असतं. फक्त ते कोणी कोणाला विचारत नाही.

सेंट अँड्र्यूजमध्येच याचं एक जुनं उदाहरण आहे. १८६७ साली तिथे स्त्रियांचा पटिंग क्लब निघाला. क्लब खांद्याच्या वर उचलून फटका मारणं बाईमाणसाला शोभत नाही, असं तेव्हा मानत. म्हणून त्यांना वेगळी हिरवळ मिळाली. संस्थेच्या पातळीवरचं हे कच्चं लिंबूच. शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडलं. पण त्या बायकांनी आपल्या तुकड्याचं काय केलं बघा. ती उंचसखल हिरवळ आज 'हिमालयाज' नावाने ओळखली जाते, अजून त्यांचाच क्लब ती सांभाळतो, आणि थोड्याशा पैशांत कोणीही तिथे खेळू शकतं. ६ हँडिकॅपवाला तिथे ५४वाल्याकडून सहज हरतो. आमची एक संध्याकाळ तिथेच जाणार आहे.

एवढं सगळं ठरल्यावर मी आठही जणांना वेगवेगळा एकच प्रश्न पाठवला. तुमचे गुण मोजायचे का? वहिनींचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "मोज. सगळीकडे शून्य आलं तरी मोज." नवशिका मित्र म्हणाला, शेवटच्या दिवशी मोजा, तोवर हात बसू दे. काकांनी दोन दिवसांनी फोन केला. म्हणाले, "मला लिंबू ठेव."

मला हे अपेक्षित नव्हतं. माझा सगळा युक्तिवाद मोजलं जाण्याच्या बाजूचा, आणि आमच्यातला सर्वांत अनुभवी खेळाडू म्हणतो की नको. शंका आली की हे खरं 'नको' आहे की पंगतीतलं. आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोणी वाढायचं थांबत नाही, आणि थांबलं तर पाहुणा रुसतो. शिवाय वयस्कर माणूस "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" असं म्हणतो तेव्हा ती त्याची इच्छा असते की सवय, हे त्यालाही नेहमी सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "अगं, मी चाळीस वर्षं आकडा घेऊन खेळलो. आता चेंडू कसा जातो ते बघत खेळायचंय. बरा गेला तर कोणीतरी बघितलं म्हणजे झालं."

तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्यांना स्वतःचं मन कळत नाही असं म्हणणं झालं असतं, म्हणून विचारलं नाही. माझ्या मावसभावांनी मला लिंबू केलं तेव्हा माझ्या डोक्यावरून बघून ठरवलं होतं. काकांनी स्वतः मागून घेतलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसेल, आणि सहलीत नव्याने कोणी बघितलं तर त्याला काकांची दयाही येईल. त्याला माझा इलाज नाही.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. गावातले लोक कुत्री घेऊन तिथे फिरतात, कोणीही जाऊ शकतं, दाखला लागत नाही. तो दिवस आठही जणांनी रिकामा ठेवला आहे, काकांना जमेल तेवढं चालायचं. एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढचे गुणांचे रकाने मी मोकळे सोडले. त्यावर त्यांचा निरोप आला की बालगोव्हवर सगळ्यांची कार्डं ते लिहितील, क्लबची ती बोटभर पेन्सिल चालणार नाही, जाड शिसाची मोठी आण. सामानाच्या यादीत ती लिहून ठेवली आहे.