आधी घोटा, मग भोग

किहीमला पावसाळ्यात कोणी ना कोणी पडतंच. पायऱ्यांवर शेवाळ, वाडीत कुजलेल्या झावळ्या. पडलेल्याला ओटीवर आणून बसवलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "भोग चुकत नाहीत." दुसरं: "जरा चोळा." नर्स म्हणून जन्म काढल्यामुळे मला दुसऱ्याचा राग यायला हवा, पण पहिल्याचा जास्त येतो, कारण त्याला धर्माचा पाठिंबा आहे असं सगळे धरून चालतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश हेच विचारतो: आयुष्य ठरलेलं असतं की नाही? आत्रेय म्हणतात, सगळंच ठरलेलं असतं तर औषध कशाला हवं होतं? गाडीचा चांगला आस आपल्या मुदतीने झिजतो. पण ओझं फाजील झालं, रस्ता खराब निघाला, तर मधेच मोडतो. दैव ते नाकारत नाहीत. दैव म्हणजे मागचं कर्म, पुरुषकार म्हणजे आत्ताचं, आणि जे बळकट ते दुसऱ्याला हटवतं. सुश्रुताने तर हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार सांगितले. नुसतं भोगायचंच होतं तर ही मोजदाद कोणासाठी?

शेजारच्या काकी पडल्या तेव्हा माझं आत्ताचं कर्म होतं घोटा नीट बघणं. सूज मुरगळल्यावरही येते, मोडल्यावरही. तिच्यावरून काही ठरत नाही. पाय वाकडा नव्हता, बोटं गार नव्हती, नाहीतर त्यांना उभंही केलं नसतं. म्हटलं, चार पावलं टाका. "चालते की मी!" म्हणाल्या आणि दुसऱ्याच पावलाला मटकन बसल्या. मग बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालून वर दाबत गेले, साधारण सहा सेंटीमीटर. हाडावर बोट पडताच त्या कळवळल्या. हे माझं शहाणपण नव्हे. कॅनडातल्या ऑटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली हा नियम मांडला. दोन्हींपैकी एक जरी आढळलं तरी एक्स-रे. अलिबागला काढला, हाडाला चीर होती.

प्लास्टर घालून घरी आल्यावर काकींनी मला गाठलंच. "मग मी पडले का?"

"शेवाळावरून."

"शेवाळ रोजचंच आहे गं. त्याच दिवशी का?"

आता हा खरा प्रश्न. आस का मोडला ते आत्रेय सांगतात, काकींचाच आणि त्याच सकाळी का, ते नाही. मी म्हटलं, प्लास्टर निघू दे, मग भांडू.